आठला सुटून अकराला

ओतूर, ता. जुन्नर
३ ऑक्टोबर २००२

चि. सौ. भागूस,

दादाचे आशीर्वाद. पारसरावांना नमस्कार, राखीला गोड पापा. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुझ्या वहिनीचा गुडघा सोडला तर.

तुम्ही पाठवलेलं पाकीट परवा मिळालं. कुरिअरवाला आधी स्टँडवर गेला आणि चौकशीच्या खिडकीत त्यानं माझं नाव विचारलं. नवा कंट्रोलर म्हणाला, "ते रिटायर झाले, पण तिथं बाकड्यावर बसलेत बघा." खरं म्हणजे मी दहाची कल्याण गाडी वेळेवर सुटते का ते बघायला गेलो होतो. चार मिनिटं लेट सुटली. मी काही बोललो नाही. मे महिन्यापासून मला बोलायचा अधिकार नाही.

विमानाचं तिकीट पहिल्यांदाच हातात धरलं. एसटीचं तिकीट दोन बोटांएवढं, हे चेकबुकासारखं. रिटायर झाल्याबद्दल भावाला कुणी शाल देतं, कुणी घड्याळ देतं. तू सिंगापूरच दिलंस. वहिनीनं तिकिटाला हळदकुंकू लावलं. मी म्हणालो, अक्षरं पुसतील, तर म्हणते कशी, "पुसली तर पुसली, तुमचं नाव काय त्यांना ठावं न्हाई का?"

मी मात्र सवयीप्रमाणे आधी वेळा पाहिल्या आणि मग नाव. आणि तिथंच अडकलो.

१४ डिसेंबर, मुंबई सुटणार २३.४०, सिंगापूर पोहोचणार ०७.२५. म्हणजे पावणेआठ तास. ठीक आहे, लांबचा पल्ला आहे. ४ जानेवारी, सिंगापूर सुटणार ०८.००, मुंबई पोहोचणार ११.००. म्हणजे तीन तास.

भागू, जायला पावणेआठ आणि यायला तीन? मी छत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली सोळा वर्षं गाड्यांच्या वेळा लावण्यात. कल्याणला जाताना माळशेज उतरायचा, येताना चढायचा, म्हणून येताना दहा मिनिटं जास्त धरायची. जाण्यायेण्यात यापलीकडे फरक मी कधी लावला नाही. आकाशात असा कुठला घाट आहे की ज्याच्या उतारानं पावणेपाच तास वाचतात? पहिल्यांदा वाटलं, छपाईची चूक. मग वाटलं, येताना जवळच्या रस्त्यानं आणत असतील. पण जवळचा रस्ता माहीत असताना जाताना लांबून कोण नेईल? डिझेल काय फुकट येतं? मग वाटलं, जाताना मध्ये कुठं तरी जेवणाचा थांबा असेल. वहिनीला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "घरी याची समद्यांनाच घाई असती."

तू अनेकदा आली-गेली आहेस. मला नीट कळव. विमान किती किलोमीटर जातं, वाटेत थांबतं का, आणि विशेषतः परतीचं. जातानाचं एक वेळ राहू दे, परतीचं कळव.

बाकी, निरगुडसरचे मामा येऊन गेले. आईच्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे, पण पंच्याहत्तरीतही बेल्ह्याच्या बाजारात बैलजोडी विकून मोटरसायकलवर मागं बसून आले. तुझी चौकशी केली. तू भावाला विमानात बसवणार म्हटल्यावर खूश झाले.

तू विचारत नाहीस म्हणून मीही सहसा लिहीत नाही, पण तुझ्या सासऱ्यांचा, शांतीलालशेटचा, डावा डोळा पुरता गेला आहे. उजव्याचीही डॉक्टर खात्री देत नाहीत. दुकानात आता गिऱ्हाईक आवाजावरून ओळखतात. तुझा राग मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा तुझ्या येण्याचा निरोप त्यांनी आमच्यापर्यंत पोहोचवला नाही, आम्ही थांबलो नाही आणि तुला आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून सात वर्षं तू सासरचा उंबरा चढली नाहीस. पारसराव एकटेच येऊन आईवडलांना भेटून जातात. राखी सहा वर्षांची झाली, आजोबांनी तिला एकदाही पाहिलेलं नाही.

आजीनं मात्र पाहिलं आहे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. नव्याण्णव साली तू राखीला घेऊन चार दिवस माझ्याकडे आली होतीस, तुला गाडीत बसवायला मी स्टँडवर होतो. तेव्हा तुझ्या सासूबाई, कस्तुरबाई, खिडकीशी येऊन मला नारायणगावच्या गाडीची वेळ विचारत होत्या. मी सांगितली. त्यांनी पुन्हा विचारली. त्यांची नजर तुझ्या कडेवरच्या राखीवर होती आणि त्यांना नारायणगावला जायचंच नव्हतं.

असो. विमानावरून कुठं आलो बघ.

एक सहज विचारतो. पंच्याण्णव साली तू आईसाठी आलीस, ते विमान किती वाजताचं होतं? आठवत असेल तर लिही, नसेल तर राहू दे.

तुझा दादा,
सयाजी


ओतूर
१६ ऑक्टोबर २००२

चि. सौ. भागूस,

आशीर्वाद. तुझं उत्तर यायच्या आतच हे दुसरं लिहितो आहे, कारण गप्प बसवत नाही.

आपल्या जानकूचा ऋषी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवतो. तिकीट खिशात घालून त्याच्याकडे गेलो. त्यानं कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढला, त्यावरची धूळ झटकली. मी दोरा नेलाच होता. मुंबईवर एक टोक धरलं, सिंगापूरवर दुसरं. दोरा नकाशाच्या कागदावर एकीकडून जातो आणि गोलावर थोडा दुसरीकडूनच, हेही त्या दिवशी कळलं. प्रमाण लावून हिशेब केला, तीन हजार नऊशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ओतूर ते कल्याण अशा चाळीस खेपा. आपल्या गाडीला त्याला एकशेवीस तास लागतील, पाच दिवस आणि पाच रात्री, वाटेतला समुद्र बाजूला ठेवला तर. ऋषी म्हणाला, "काका, विमानाला सव्वापाच-साडेपाच लागत्यात. जाताना बी आन् येताना बी."

मी तिकीट पुढं केलं. म्हणालो, मग हे काय?

त्यानं समजावलं ते मला एका झटक्यात समजलं नाही. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो हे शाळेत शिकलो होतो. पण ते लांबचं झालं. सिंगापूर आपल्याच आशियात, तिथं माणसं भात खातात, तमिळ बोलणारी आहेत असं तूच लिहिलं होतंस. तिथलं घड्याळ वेगळं असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. मला वाटायचं, जवळच्या गावांची वेळ एकच असते. ऋषी म्हणाला, तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. गंमत अशी की सूर्याच्या हिशेबानं ते दीडच तास पुढं असायला हवं, पण तिथल्या सरकारनं सोयीसाठी तासभर आणखी पुढं ओढून ठेवलं आहे. हे ऐकून मला हसू आलं. आमच्या एका डेपो मॅनेजरनंही भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं लावून ठेवलं होतं, ड्रायव्हर वेळेवर यावेत म्हणून. पंधरा दिवसांत ड्रायव्हर दहा मिनिटं वजा करून यायला लागले.

मग मी आपल्या पद्धतीनं ताळा केला. समज, कुणाचं घड्याळ किती पुढं हे मला ठाऊकच नाही. जाताना पावणेआठ, येताना तीन. घड्याळ जेवढं जाताना वाढवतं तेवढंच येताना खातं, म्हणून दोन्हींची बेरीज केली तर ते आपोआप नाहीसं होतं. बेरीज दहा तास पंचेचाळीस मिनिटं, अर्धे केले तर पाच तास साडेबावीस मिनिटं. हा विमानाचा खरा धावण्याचा वेळ. ऋषी टाळी वाजवून म्हणाला, पोरांना असंच शिकवतो आता. राहिलेल्या सात-आठ मिनिटांचा फरक वाऱ्यामुळे. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वारा वाहतो, तो जाताना मागून ढकलतो आणि येताना तोंडावर येतो. म्हणजे आकाशात घाट आहेच, फक्त तो वाऱ्याचा आहे.

इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. कॉलेजच्या पायऱ्या उतरताना मी त्याला म्हणालो, "म्हंजी आठला सुटून अकराला येतं ते बरोबरच व्हतं." तो म्हणाला, "व्हतं म्हंजी? आहे." मग मी त्याला विचारलं, हे घड्याळाचं प्रकरण पंच्याण्णव सालीही असंच होतं का. तो मोठ्यानं हसला. "काका, पिरथमी तवा पन गोलच व्हती."

मी हसलो नाही. घरी सरळ न येता कांदा मार्केटच्या कठड्यावर बसून राहिलो. वहिनीनं विचारलं उशीर का, तर ऋषीकडे चहा घेतला म्हणून सांगितलं. चहा घेतला नव्हता.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे. पंच्याण्णवचं ते विमान दुसरं कुठलं तरी, लवकरचं असलं तर बरं, असं वर लिहून मी खोडलं होतं. आता पुन्हा लिहितो. दुसरं असलं तर फार बरं होईल.

आज तुझ्या सासऱ्यांच्या दुकानावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही.

तुझा दादा,
सयाजी


ओतूर
१८ नोव्हेंबर २००२

भागू,

तुझं पत्र भाऊबीजेच्या दिवशी आलं. सोबत राखीनं काढलेलं विमानाचं चित्र. खिडकीत मिशीवाला माणूस दाखवला आहे तो मीच, असं तू लिहिलंस. तू लिहिलंस, "हो दादा, पंच्याण्णवलाही हेच विमान होतं, इथून आठला सुटून तिथं अकराला उतरणारं. पण तू हे दोनदा का विचारलंस?"

ते वाचून बारा दिवस झाले. मी रोज लिहायला बसतो आणि उठतो. वहिनीला वाटतं मला विमानाची भीती वाटते आहे. आज ती निरगुडसरला मामांकडे गेली आहे, घरात मी एकटा आहे, तेव्हा लिहून टाकतो. हे पत्र पारसरावांनाही वाचायला दे.

आई संध्याकाळी साडेपाचला गेली. तुझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत मी तुझ्याशी बोललो नव्हतो. शांतीलालशेटच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. तू पारसरावांशी लग्न केलंस यात शेटचा काय दोष होता? काही नव्हता. त्यांनाही सून जैनांतलीच हवी होती. पण मला गावात कुणावर तरी राग काढायचा होता आणि ते रोज समोर दिसायचे. आई गेल्याचं तुला कळवायलाही मी गेलो नाही. वहिनीनं कुणाकडून तरी दुकानात निरोप धाडला आणि तिथून शेटनी तुम्हाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शांतीलालशेट आपल्या दारात आले. चपला रस्त्यावरच काढल्या होत्या. ओसरीवर मी आणि भाऊकीतले गेणभाऊ, दोघंच होतो. बायका आत आईपाशी होत्या. शेटनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. दुकानाच्या पॅडवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "भागू निघाली आहे. विमान सुटलं ८, मुंबईत उतरणार ११. तिथून टॅक्सीनं येते. थांबा."

होय भागू. निरोप आला होता.

मी चिठ्ठी वाचली आणि मला पहिली गोष्ट दिसली ती चूक. आठला सुटून अकराला? तीन तासांत सिंगापूर? मी म्हणालो, "शेट, इथून शिवाजीनगरला तीन तास लागत्यात. विमान झालं म्हनून काय झालं?" गेणभाऊ अशा वेळीही हसला. शेट म्हणाले, "कंट्रोलरसाहेब, पारसनं फोनवर अकराच सांगितलं. सकाळचे अकरा. मी दोनदा विचारलं." कसं, ते त्यांना सांगता येईना. मी खिशातली लाल पेन्सिल काढली. रात्री अकरा असणार, वाण्याला चोवीस तासांचं घड्याळ कळत नाही, असं मनाशी ठरवून चिठ्ठीवरच्या ११ वर काट मारली आणि वर २३.०० लिहिलं. लॉगशीट दुरुस्त करायचो तसं, आईचं प्रेत आत असताना.

 दुःखाच्या घरी वाद कसा घालणार? जाताना शेट एवढंच म्हणाले, "तरी पन दुपारपतुर थांबा."

मग गेणभाऊनं मला विचारलं, "सयाजी, पोरीसाठी थांबायचं का?" मी हिशेब सांगितला. रात्री अकराला मुंबईत, बाहेर पडायला तास, माळशेज चढून इथं यायला पहाट. आईला एक रात्र ठेवली होती. दुसऱ्यांदा सूर्य मावळायच्या आत करायचं असतं, हे तुलाही माहीत आहे. निरगुडसरची माणसं सकाळच्या गाडीनं आली होती. ओतूर स्टँडच्या कंट्रोलरनं सांगितलेली वेळ, तिच्यावर कोण शंका घेणार? आम्ही एक वाजता आईला उचललं आणि दोन वाजता मांडवी नदीच्या काठी मी अग्नी दिला.

चारला दहा मिनिटं कमी असताना तुझी टॅक्सी नदीवर आली.

तू उतरलीस. राखी तेव्हा तुझ्या पोटात होती हे मला माहीत नव्हतं, पण तू ज्या तऱ्हेनं दाराला धरून उतरलीस ते आजही दिसतं. तू म्हणालीस, "दोन तास थांबला न्हाईस रं, दादा?" सहा वर्षांनी तू मला दादा म्हणालीस ते हे. माझ्या खिशात ती चिठ्ठी होती. मी म्हणालो, "निरोपच न्हाई आला गं. आला असता तर थांबलो न्हाई का?"

असं मी म्हणालो. त्या क्षणी ओतूर स्टँडच्या कंट्रोलरचा हिशेब आईच्या सरणापाशी चुकला, हे मला गावासमोर मान्य करता आलं नाही.

गेणभाऊ शेजारी उभा होता, तो खाली मान घालून राखेकडे बघत राहिला. तोही दोन वर्षांपूर्वी गेला आणि त्यानं कधी तोंड उघडलं नाही. तू मागं वळलीस. शांतीलालशेट टोपी हातात घेऊन लोकांच्या मागं उभे होते. तू त्यांना म्हणालीस, "बापूजी, तुम्ही निरोप दिला नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "राहिला बेटा. ध्यानात राहिलं न्हाई."

तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. मी तुला थोपटलं. त्या दिवसापासून तू दरवर्षी मला राखी पाठवतेस, माझ्या घरी येऊन राहतेस, लेकीचं नावही राखी ठेवलंस. हे सगळं मला त्या एका खोट्यावर मिळालेलं आहे.

तू दुपारीच कशी पोहोचलीस, हे कोडं मला सात वर्षं सुटलं नव्हतं. लवकरचं दुसरं विमान मिळालं असेल असं मी स्वतःला सांगत आलो. कुणालाही विचारलं असतं तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. एरवी बसची एक वेळ पटली नाही तर मी डेपोपर्यंत जाणारा माणूस. हे एवढं एकच मी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही ते आता मला चांगलं कळतं. तुझं तिकीट हातात पडलं, त्यावर तेच ८ आणि तेच ११ छापलेलं पाहिलं, तेव्हा पळायला जागा उरली नाही.

मुद्दाम केलं का, असं तू विचारशील. मीही विचारतो आहे. तू येणार नाहीस असं मला वाटत नव्हतं, आणि तुला आई दिसू नये असंही माझ्या मनात नव्हतं. पण तो निरोप शांतीलालशेटऐवजी दुसऱ्या कुणी आणला असता, तर मी पेन्सिल काढली नसती. फोन त्यांच्या दुकानात होता. चारशे पावलं. मी गेलो नाही. शेट चुकीचे ठरले याचं मला त्या सकाळी बरं वाटलं होतं. हे लिहिताना माझीच लाज वाटते.

काल मी त्यांच्या दुकानात गेलो. तेरा वर्षांनी पायरी चढलो. ते गादीवर बसले होते, उजव्या डोळ्याशी हात धरून. मी "शेट" म्हणालो आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं. "या कंट्रोलरसाहेब. बसा. कस्तुर, पानी आन." मी सगळं सांगितलं; गोल, दोरा, अडीच तास. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी अकराच बरोबर व्हतं. मला बी कधी कळलं न्हाई बघा, तीन तासांत कसं काय." एवढंच. रागाचा एक शब्द नाही. मग मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी स्वतःवर का घेतलंत? खिशात चिठ्ठी आहे, काढा म्हणायचं होतं.

ते म्हणाले, "आमच्या घरात आली म्हनून तिचं म्हायेर तुटलं व्हतं. त्या दिशी आई गेली. तुमी बी गेला असता तर पोरीला कोन राह्यलं असतं? सासरा काय, असला काय न् नसला काय."

कस्तुरबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. सात वर्षं त्यांनीही नवऱ्यालाच दोष दिला.  पाणी ठेवून आत गेल्या.

मी म्हणालो, मी भागूला लिहिणार. तर शेट म्हणाले, "नका लिहू. तिला एकच भाऊ आहे. माझं आता किती राह्यलंय?" मी उठून आलो. त्यांचं ऐकायचं नाही हे ठरवूनच गेलो होतो.

भागू, माझ्याकडे फोन करू नकोस. दुकानात कर. सकाळी दहाला ते एकटेच असतात. इथले दहा, तुझ्याकडचे साडेबारा. त्यांचा आवाज ऐक आणि राखीचाही ऐकव. त्यांना दिसतंय तोवर तिला घेऊन ये, त्या आठच्या विमानानं. माझं तिकीट कपाटात आहे. तू ये म्हणालीस तर येईन. काही म्हणाली नाहीस तर १४ डिसेंबरला मी इथंच आहे. माफी मागण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही. मागावीशी मात्र फार वाटते.

नोकरीत कुणाची चूक झाली की मी त्याचा जबाब लिहून घ्यायचो. शेवटी कागदपत्रं जोडायची आणि सही घ्यायची. ती चिठ्ठी मी कधी फाडली नाही. जुन्या वेळापत्रकाच्या पुस्तकात होती, ती सोबत जोडली आहे. निळी अक्षरं तुझ्या सासऱ्यांची. लाल माझी.

वरील मजकूर मी स्वतःच्या हातानं, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपणहून लिहिला आहे. वाचून पाहिला, बरोबर आहे. निरोप सकाळी नऊ वाजता, लेखी, मला मिळाला होता.

सयाजी रखमाजी घुले